हप्त्याचा फोन : खरी किंमत किती?

झाशीच्या किल्ल्याखालच्या जुन्या वस्तीत अद्यापि काही मराठी घरे नांदत आहेत. अठराव्या शतकात नेवाळकर सुभेदारांबरोबर आणि त्यांच्यामागून इकडे येऊन राहिलेल्या कुटुंबांचे हे वंशज. घरात ते मराठी बोलतात. परंतु बुंदेलखंडाच्या भाषेचा रंग त्या मराठीला चढला आहे. तेथे 'हप्ता' म्हटले की शेजाऱ्यांना 'आठवडा' वाटतो; म्हणून दरमहा फेडावयाच्या रकमेला घरातली माणसेही 'किस्त' असेच म्हणतात. माझे आजोळ अशाच एका घरात आहे, आणि गेल्या मे महिन्यात मी तेथे गेले तेव्हा घरातील सारी बोलणी या 'किस्त' शब्दाभोवती फिरत होती.

मामेभावाची मुलगी, म्हणजे माझी भाची, बारावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. पुढील शिक्षणासाठी तिला पुण्यास पाठवावे असे घरात ठरले होते, आणि त्यासाठी बँकेकडे शैक्षणिक कर्जाचा अर्जही गेला होता. परगावी जाणाऱ्या मुलीजवळ चांगला फोन हवा, याविषयी कोणाचे दुमत नव्हते. त्या दिवशी सकाळीच बापलेक सीपरी बाजारात जाऊन आली होती. दुकानातल्या मुलाने एका कागदाच्या चिठ्ठीवर हिशेब लिहून दिला होता : फोन १८,००० रुपयांचा, दरमहा २,२५० रुपये, एकूण किस्ती आठ, व्याज शून्य.

उन्हे उतरल्यावर गच्चीवर पाणी शिंपडून आम्ही सारी बसलो होतो. मामांनी चष्मा लावून ती चिठ्ठी दोनदा वाचली. मामांची हयात रेल्वेच्या वाघिणी दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात गेली. मोजमाप केल्यावाचून कोणत्याही गोष्टीवर विश्वास ठेवावयाचा नाही ही त्यांची सवय.

"व्याज घेत नाही, मग तो दुकान कशाला चालवतो?" त्यांनी विचारले.

"आबा, हल्ली सगळे असाच फोन घेतात," भाची म्हणाली.

मामेभाऊ, ज्यांना मी दादा म्हणते, ते मात्र काही बोलले नाहीत. त्यांच्या त्या मौनाचे कारण मला रात्री कळले.

शिवणयंत्र आणि फोन

हप्त्याने वस्तू घेणे आपल्या घरांना नवीन नाही. मामांच्या माजघरात आजीचे शिवणयंत्र आजही झाकून ठेवलेले आहे, तेही हप्त्यानेच आलेले. शिवणयंत्रे हप्त्यांनी विकण्याची प्रथा सिंगर कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत रूढ केली आणि यंत्रांबरोबर ती प्रथाही देशोदेशी पसरली. एकदम एवढी रक्कम ज्यांच्याजवळ कधीच साठली नसती, अशा असंख्य घरांत त्यामुळे शिवणयंत्र आले.

मामांनी त्या यंत्राचेच उदाहरण दिले. "आई शेजारपाजारचे कपडे शिवायची, त्या पैशांतून किस्त जायची. त्या यंत्रानं आपली किस्त आपणच फेडली. हा फोन कोणाच्या जिवावर फेडायचा?"

भाचीने शांतपणे उत्तर दिले. महाविद्यालयाचा प्रवेशअर्ज, शुल्काची पावती, शिष्यवृत्तीचा अर्ज, वर्गातील टिपणे, रेल्वेचे तिकीट, सारे आता फोनवरूनच होते. मामांनी मान डोलावली. फोन हे चैनीचे खेळणे नव्हे, तेही एक कामाचे यंत्र आहे, हे त्यांनी मान्य केले. तेव्हा हप्त्याने वस्तू घेणे चांगले की वाईट, हा प्रश्नच राहिला नाही. प्रश्न एवढाच उरला की, या हप्त्याची खरी किंमत किती, आणि ती आपल्या घराला पेलेल काय?

शून्य व्याजाचा हिशेब

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन तापण्यापूर्वी भाची आणि मी सदर बाजारात गेलो. तेथे आम्ही एकच प्रश्न वेगळ्या रीतीने विचारला : "हाच फोन रोख पैसे देऊन घेतला तर कितीला द्याल?" उत्तर आले, १७,००० रुपयांना.

मग आदल्या दिवशीच्या चिठ्ठीवर जे लिहिलेले नव्हते ते विचारून घेतले. आठ हप्त्यांपैकी दोन हप्ते, म्हणजे ४,५०० रुपये, प्रथम दिवशीच द्यावयाचे होते. शिवाय कर्जाच्या कागदपत्रांचे शुल्क ५०० रुपये आणि त्यावर १८ टक्क्यांनी वस्तू व सेवा कर ९० रुपये. घरी येऊन भाचीने वहीत हिशेब मांडला. तो वाचकांनीही एकदा पडताळून पाहावा.

प्रथम दिवशी खिशातून जाणार ५,०९० रुपये. रोखीचा भाव १७,००० असल्यामुळे वस्तुतः उसने मिळाले ते ११,९१० रुपये. त्यांची फेड सहा महिन्यांत २,२५० रुपयांच्या सहा हप्त्यांनी, म्हणजे १३,५०० रुपये. जास्तीचे गेले १,५९० रुपये. वरवर पाहता हे सव्वातेरा टक्क्यांच्या आसपास दिसते. परंतु ही रक्कम वर्षासाठी नव्हे, तर सहा महिन्यांसाठी वापरावयास मिळते. आणि त्यातही दर महिन्याला मुद्दल घटत जाते. हे दोन्ही ध्यानात घेऊन हिशेब केला, तर व्याजाचा वार्षिक दर सुमारे ४४ टक्के पडतो. चिठ्ठीवर मात्र लिहिले होते : व्याज शून्य.

यात दुकानदाराने खोटे सांगितले असे म्हणता येणार नाही. व्याज त्याने व्याज या नावाने घेतले नाही, एवढेच. रोखीच्या गिऱ्हाइकाला जी सवलत मिळते ती हप्त्याच्या गिऱ्हाइकाला मिळत नाही. तीच सवलत कर्ज देणाऱ्या कंपनीकडे व्याजाच्या रूपाने वळते. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना हेच बजावले होते की, शून्य टक्के व्याज अशी वस्तूच मुळी अस्तित्वात नाही, आणि अशा योजनांत व्याजाचा अंश पुष्कळदा शुल्काच्या आड दडवलेला असतो.

कर्जदाराच्या हातात आता एक चांगले साधन आले आहे. रिझर्व्ह बँकेच्या १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार, १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्तसंस्था व्यक्तींना जे नवे मुदतकर्ज देतात, त्यासोबत 'मुख्य तथ्य विवरण' देणे त्यांना बंधनकारक आहे. कर्जदाराला समजेल अशा भाषेत ते असले पाहिजे, आणि सर्व शुल्के धरून वार्षिक दर किती पडतो तो आकडा त्यात असला पाहिजे. त्या विवरणात नसलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीवाचून मागाहून लावता येत नाही. दुकानात घाईघाईने फोनवर आलेला संकेतांक सांगून टाकण्यापूर्वी हे विवरण मागून घ्यावे आणि शक्य तर घरी आणून वाचावे.

तरीही एक गोष्ट त्या विवरणात सापडणार नाही. रोखीने घेतले असते तर भाव किती उतरला असता, हे कोणतीही वित्तसंस्था आपल्याला लिहून देत नाही. तो आकडा आपणच दुकानात विचारला पाहिजे, आणि तोही हप्त्याचे बोलणे काढण्याच्या आधी.

फोन आणि सेवा एकाच गाठोड्यात

विलायतेत आणि अमेरिकेत फोन आणि दूरध्वनीसेवा यांचे एकच मासिक बिल भरण्याची पद्धत पुष्कळ वर्षे चालत आली आहे. दोन किंवा तीन वर्षांचा करार, दरमहा ठरावीक रक्कम, आणि फोन हाती. आपल्याकडे बहुसंख्य लोक आधी पैसे भरून मग सेवा वापरतात. त्यामुळे ही पद्धत येथे म्हणावी तशी रुजली नाही. परंतु ती आणण्याचे दोन मोठे प्रयत्न झाले.

जुलै २००३ मध्ये रिलायन्स इन्फोकॉम कंपनीने आरंभी ५०१ रुपये भरून फोन घरी नेण्याची योजना काढली. बाकीची रक्कम महिन्याच्या बिलातून द्यावयाची होती. ज्यांनी कधी फोन हाती धरला नव्हता अशा लक्षावधी माणसांनी तो घेतला. मामांच्या कारखान्यातल्या सोबत्यांनीही घेतला होता. आरंभीच्या ५०१ रुपयांकडे सर्वांचे लक्ष होते. पुढच्या महिन्यांच्या बिलांकडे पुष्कळांचे नव्हते. अनेकांची बिले थकली आणि कंपनीलाही ती येणी बुडीत धरावी लागली.

दुसरा प्रयत्न २०२१ च्या दिवाळीतला. त्या वेळी आलेल्या जिओफोन नेक्स्टची रोखीची किंमत ६,४९९ रुपये होती. हप्त्याने घेणाऱ्याने प्रथम १,९९९ रुपये आणि शुल्काचे ५०१ रुपये भरावयाचे. नंतर सर्वांत स्वस्त योजनेत २४ महिने दरमहा ३०० रुपये. त्यात महिन्याला ५ जीबी डेटा आणि १०० मिनिटे बोलणे मिळत असे. एकूण बेरीज ९,७०० रुपये. म्हणजे रोखीच्या किमतीहून जास्तीचे ३,२०१ रुपये, महिन्याला सुमारे १३३. या रकमेत सेवेचे मोल आणि उसनवारीचे मोल दोन्ही आले. ज्याला एवढीच सेवा पुरते, त्याला हा सौदा महाग म्हणता येणार नाही. परंतु ज्याला रोज एक-दोन तास चित्रफितींतून शिकावयाचे आहे, त्याला त्यातला डेटा पुरला नसता आणि दरमहा अधिक रकमेची योजना घ्यावी लागली असती.

यावरून घ्यावयाचा धडा सोपा आहे. फोन आणि सेवा एकत्र मिळत असतील तेव्हा गाठोडे सोडून दोन्ही वस्तूंची किंमत वेगवेगळी मांडावी. आपल्याकडे क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर झाली आहे. ती सोय दोन वर्षांच्या करारात आपल्याला वापरता येईल काय, आणि मुदतीपूर्वी करार सोडल्यास काय द्यावे लागेल, हे आधी विचारावे. त्याचप्रमाणे, हप्ता थकल्यास दुरून फोन बंद पाडणारी काही यंत्रणा त्यात बसवलेली आहे काय, हेही विचारावे. ज्या फोनवर शिक्षण आणि उपजीविका अवलंबून आहे, तो ऐन परीक्षेच्या दिवशी बंद पडणे कोणालाच परवडणार नाही.

दादांचे मौन

त्या रात्री जेवणे झाल्यावर दादांनी मला खोलीत बोलावून बँकेचे एक पत्र दाखवले. तीन वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःसाठी हप्त्याने एक फोन घेतला होता. मध्यंतरी त्यांची नोकरी बदलली, पगार दुसऱ्या बँकेत जमा होऊ लागला, आणि जुन्या खात्यात पैसे उरले नाहीत. शेवटचे दोन हप्ते परत गेले. दोन्ही मिळून रक्कम ३,४०० रुपयांची. कंपनीकडून येणारे फोन त्यांना जाहिरातीचे वाटले. त्यांनी ते उचलले नाहीत. पुढे ही गोष्ट ते विसरूनही गेले.

पण नोंद ठेवणारे विसरले नव्हते. मुलीच्या शैक्षणिक कर्जासाठी सहकर्जदार म्हणून दादांचे नाव गेले, तेव्हा बँकेने त्यांचा पत-अहवाल मागवला आणि अर्ज परत आला : आधी ही थकबाकी मिटवावी.

"साडेतीन हजारांपायी मुलीचं पुणं राहिलं, तर मी वडिलांना काय तोंड दाखवू?" दादा म्हणाले. आता त्यांच्याच नावाने नवा फोन हप्त्यावर घ्यावयाचा म्हणजे त्याच वेळी आणखी एका कर्जाची चौकशी त्यांच्या नावावर नोंदली जाणार होती.

सकाळी दादांनी आपण होऊन सारे मामांना सांगितले. मामा रागावले नाहीत. "यंत्र बिघडलं तर लपवून ठेवायचं नसतं," एवढेच ते म्हणाले, आणि आम्ही सारी त्या कामास लागलो.

अशी पाळी ज्यांच्यावर आली असेल त्यांनी काय करावे, हे येथे सांगणे उचित होईल. आपल्या देशात पतविषयक नोंदी ठेवणाऱ्या चार संस्था आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सी.आर.आय.एफ. हाय मार्क. यांपैकी प्रत्येकीकडून वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. सिबिलचा गुणांक ३०० ते ९०० यांच्या दरम्यान असतो. कर्ज मागावयास जाण्यापूर्वीच तो अहवाल पाहावा. थकबाकी असल्यास ती पूर्ण भरावी. थोडी रक्कम घेऊन कर्ज 'तडजोडीने मिटवले' अशी नोंद झाली, तर ती पुढे कर्ज देणाऱ्याच्या डोळ्यांत खुपते. कर्ज 'पूर्ण फेडून बंद' अशीच नोंद व्हावी. पैसे भरल्यावर येणे बाकी नसल्याचा दाखला लेखी घ्यावा. अहवालात चूक राहिल्यास दुरुस्तीची मागणी करावी. ३० दिवसांत तिचा निकाल न लागल्यास पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई देण्याचा नियम रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये केला आहे.

वसुलीसाठी येणाऱ्या माणसांनाही मर्यादा आहेत. १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने सकाळी ८ च्या आधी आणि सायंकाळी ७ च्या नंतर थकबाकीसाठी फोन करण्यास मनाई केली आहे. तक्रार असल्यास प्रथम कर्ज देणाऱ्या संस्थेकडे लेखी करावी. ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. त्यासाठी १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते.

फोन कोणता घ्यावा?

पैशांचा विचार झाल्यावर वस्तूचा विचार. भाचीच्या मनात आलेला फोन त्याच्या कॅमेऱ्यामुळे महाग होता. तिला ज्या कामासाठी फोन हवा त्यासाठी कॅमेऱ्यापेक्षा अन्य गोष्टी महत्त्वाच्या होत्या.

पहिली गोष्ट म्हणजे फोनच्या प्रणालीला सुरक्षिततेची सुधारणा किती वर्षे मिळणार. ती बंद झाल्यावर फोन चालतो, पण त्यावरून पैशांचे व्यवहार करणे दिवसेंदिवस धोक्याचे होत जाते. हप्त्यांची मुदत या वर्षांहून पुष्कळ कमी असावी. वस्तू निकामी झाल्यावरही तिचे हप्ते फेडत राहणे यासारखे दुःख नाही. दुसरी गोष्ट साठवणुकीची आणि स्मृतीची. या दोन्ही पुरेशा नसल्या की फोन वर्षभरातच मंद होतो. तिसरी गोष्ट बॅटरीची आणि चौथी दुरुस्तीची सोय गावात आहे की नाही याची.

वापरलेला फोन घेणेही कमीपणाचे नाही. मात्र तो चोरीचा नसल्याची खात्री करून घ्यावी. प्रत्येक फोनला १५ अंकी ओळखक्रमांक असतो. फोनवर तारांकन, हॅश, शून्य, सहा, हॅश ही बटणे दाबली की तो दिसतो. मे २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर त्या क्रमांकाची शहानिशा करता येते. फोन नवा असो वा जुना, पक्के बिल घ्यावे आणि हा क्रमांक त्यावर लिहून घ्यावा. फोन हरवल्यास तो बंद करण्यासाठी हाच क्रमांक उपयोगी पडतो.

किस्त आधी, फोन मागाहून

शेवटी तोडगा भाचीनेच सुचवला. पुण्यास जाण्यास तीन महिने अवकाश होता. ती म्हणाली, "आबा, आपण किस्त आजपासूनच सुरू करू. दुकानदाराला नाही, आपल्यालाच देऊ."

दुकानात प्रथम दिवशी जे ५,०९० रुपये द्यावयाचे होते, ते बँकेत वेगळे ठेवले. त्यात दरमहा २,२५० रुपये घालावयाचे ठरले. तीन महिन्यांत जमले ११,८४० रुपये. जून महिन्यात मामींच्या औषधांचा खर्च वाढला, तेव्हा २,२५० रुपये बाजूस काढणे घराला किती जड जाते, हेही सर्वांना कळले. दुकानदाराचा हप्ता असता, तर त्या महिन्यात तो पुन्हा परत गेला असता. येथे तो आठ दिवस उशिरा पडला, आणि कोणाच्या वहीत त्याची काळी नोंद झाली नाही. ऑगस्टमध्ये तिने ११,५०० रुपयांचा फोन रोखीने घेतला. त्यात मनात भरलेला कॅमेरा नव्हता. कामाचे बाकी सारे होते.

दादांची थकबाकी मे महिन्यातच भरली गेली होती. दाखला मिळाला, नोंद सुधारली, आणि बँकेने शैक्षणिक कर्जाचा अर्ज पुन्हा स्वीकारून मंजूर केला.

प्रत्येक घराला तीन महिने थांबता येईलच असे नाही. रिक्षावाला, घरपोच माल पोहोचवणारा तरुण किंवा घरबसल्या धंदा करणारी गृहिणी यांचा फोन बंद पडला, तर त्यांची मिळकतच थांबते. त्यांनी हप्त्याने फोन घेण्यात गैर काही नाही. आजीच्या शिवणयंत्राप्रमाणे तो आपला हप्ता आपण फेडील. मात्र त्यांनीही रोखीचा भाव आधी विचारावा, एकूण बेरीज मांडावी, विवरण वाचून मगच सही करावी, आणि ज्या खात्यातून हप्ता जातो ते खाते बदलताना कर्ज देणाऱ्यास कळवावे. महिन्याचा हप्ता लहान दिसतो, कारण तो एका महिन्याचाच असतो. घराने विचार करावयाचा तो सगळ्या महिन्यांचा मिळून.

आता दर रविवारी संध्याकाळी पुण्याहून झाशीस फोन येतो. पडद्यावर नातीचा चेहरा दिसला की मामा आधी तिची प्रकृती विचारतात, मग अभ्यास, आणि शेवटी न चुकता एक प्रश्न : "या महिन्याचे पैसे बाजूला टाकलेस ना?" पुढच्या वर्षी तिला संगणक घ्यावयाचा आहे. त्याची किस्त तिने सुरू केली आहे. संगणक मागाहून येईल.